घरून कामाचा उरक : वाद कुठे येऊन पोचला आहे

मार्च २०२०च्या अखेरीस हिंजवडी, खराडी, ऐरोली, पवई इथली कार्यालये काही दिवसांत रिकामी झाली. ज्यांच्याकडे लॅपटॉप होते ते ते घेऊन घरी गेले. काही कंपन्यांनी तर टेबलावरचे संगणक गाड्यांत घालून कर्मचाऱ्यांच्या घरी पोचवले. तेव्हापासून एकच प्रश्न वेगवेगळ्या तोंडांनी विचारला जातो आहे : घरी बसून काम तेवढेच होते का? कर्मचारी म्हणतात, जास्त होते. वरिष्ठ म्हणतात, दिसत नाही. संशोधक काय म्हणतात याचा मात्र आपल्याकडे फारसा कोणी पत्ता लावत नाही. या काळात पुरावा भरपूर जमला आहे आणि त्यातला मोलाचा काही भाग भारतातलाच आहे. तो एकत्र मांडून पाहणे हा या लेखाचा हेतू.

महासाथीच्या आधी

घरी बसून मजुरीचे काम करणे महाराष्ट्राला नवे नाही. सोलापुरातल्या हजारो बायका पिढ्यान्‌पिढ्या घरी विड्या वळत आल्या आहेत. पान-तंबाखू कारखान्यातून आणायची, वळलेल्या विड्या परत द्यायच्या आणि मजुरी हजारी दराने घ्यायची, अशी ती रीत. १९६६च्या विडी-सिगार कामगार कायद्याने घरी काम करणाऱ्यांनाही कामगार मानले. गिरगावात १९५९ साली सात बायकांनी सुरू केलेल्या लिज्जतमध्येही पीठ केंद्रावर मळले जाते, लाटणे घरी होते आणि लाटलेले पापड दुसऱ्या दिवशी तपासून, वजन करून घेतले जातात. या कामांत उरक किती हा वाद उद्भवत नाही, कारण माल मोजता येतो. वाद असतो तो दराचा आणि छाटून बाजूला काढलेल्या मालाचा.

कचेरीतले काम घरी नेण्याची कल्पना अमेरिकेत १९७३ साली जॅक नाइल्स यांनी मांडली. तेलटंचाईचे ते वर्ष. माणसाने कामापर्यंत जाण्याऐवजी टेलिफोनच्या तारेने काम माणसापर्यंत आणावे, म्हणजे इंधन आणि रस्ते दोन्ही वाचतील, असा त्यांचा हिशेब होता. कंपन्यांनी पुढे हा प्रयोग केला आणि अनेकांनी तो मागेही घेतला. याहूने २०१३मध्ये आणि आयबीएमने २०१७मध्ये घरून काम करणाऱ्या आपल्या लोकांना कार्यालयात बोलावून घेतले. दोन्ही वेळा दिलेले कारण साधारण सारखे होते : एकत्र बसल्याने सुचते, वेग येतो. घरून काम करणाऱ्यांची कामगिरी घसरल्याचे आकडे कोणी पुढे ठेवले नव्हते.

भारतात तर नियमच आडवे येत होते. कॉल सेंटर आणि बीपीओंवर दूरसंचार खात्याच्या अशा अटी होत्या की कर्मचाऱ्याला घरून फोन घेऊ देणे हा मोठा कागदोपत्री व्याप होऊन बसे. नोव्हेंबर २०२०मध्ये या अटी मोठ्या प्रमाणात सैल करण्यात आल्या. विशेष आर्थिक क्षेत्रातल्या कंपन्यांसाठी घरून कामाचा रीतसर नियम यायला जुलै २०२२ उजाडले. आधी निम्म्याच कर्मचाऱ्यांना मुभा होती. त्याच वर्षाच्या डिसेंबरात ती सर्वांना दिली गेली आणि तिची मुदत पुढे वाढवण्यात आली.

शांघायचा प्रयोग

या विषयावर कोणीही काही लिहिले की चीनच्या एका प्रवास कंपनीचा दाखला येतोच, आणि तो यायलाच हवा. सीट्रिप ही विमानाची तिकिटे आणि हॉटेलची नोंदणी करून देणारी कंपनी. शांघायमधली जागा महाग म्हणून कॉल सेंटरच्या काही लोकांना घरी बसवता येईल का, हे तिला पाहायचे होते. कंपनीचे एक संस्थापक जेम्स लियांग त्या वेळी स्टॅनफर्डमध्ये संशोधन करत होते. त्यांनी तिथले अर्थतज्ज्ञ निकोलस ब्लूम यांना सोबत घेतले आणि प्रयोग शास्त्रशुद्ध रीतीने बांधला. इच्छुकांतून २४९ जण पात्र ठरले. ज्यांची जन्मतारीख सम ते आठवड्यातले चार दिवस घरून काम करणार आणि विषम तारखेचे कार्यालयात राहणार, असे ठरले. डिसेंबर २०१०पासून नऊ महिने हे चालले.

घरच्या गटाची कामगिरी १३ टक्क्यांनी वाढली. त्यातला मोठा वाटा, सुमारे ९ टक्के, केवळ जास्त मिनिटे काम झाल्याचा होता : उशीर कमी, मधल्या सुट्ट्या कमी, आजारपणाच्या रजा कमी. उरलेले ४ टक्के दर मिनिटाला जास्त फोन हाताळल्याचे. नोकरी सोडून जाणाऱ्यांचे प्रमाण निम्म्याने घटले. दुसरी बाजूही नोंदली गेली. सारख्याच कामगिरीला घरच्या लोकांना बढती कमी मिळाली. आणि प्रयोग संपल्यावर निवड खुली केली तेव्हा घरी बसलेल्यांपैकी निम्म्याच्या आसपास लोक एकटेपणाला कंटाळून कार्यालयात परतले.

हे आकडे सगळीकडे उद्धृत होतात. पात्रतेच्या अटी मात्र फारशा कोणी सांगत नाही. प्रयोगात येण्यासाठी किमान सहा महिन्यांची नोकरी, घरी ब्रॉडबँड आणि कामाच्या वेळात फक्त आपल्या ताब्यात असेल अशी खोली असावी लागत होती. माझ्या मते पुढचा सगळा वाद या तिसऱ्या अटीभोवती फिरतो.

अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाचा अनुभवही याच बाजूने बोलतो. घरून काम करणाऱ्या अनुभवी परीक्षकांना तिथे हव्या त्या गावी राहण्याची मोकळीक देण्यात आली, तेव्हा त्यांचे काम ४.४ टक्क्यांनी वाढल्याचे पृथ्वीराज चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांना आढळले. हेही काम एकट्याने करायचे आणि मोजता येणारे होते, हे लक्षात ठेवायला हवे.

भारतातून आलेले उलटे आकडे

महासाथीनंतर चित्र बदलले आणि ते बदलणारे दोन महत्त्वाचे अभ्यास भारताशी निगडित आहेत.

मायकेल गिब्स, फ्रिडरिके मेंगेल आणि क्रिस्टोफ झीमरोथ यांनी आयटी सेवा देणाऱ्या एका मोठ्या कंपनीतल्या दहा हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांच्या नोंदी तपासल्या. काळ एप्रिल २०१९ ते ऑगस्ट २०२०, म्हणजे टाळेबंदीच्या अलीकडचा आणि पलीकडचा. लोक जास्त तास काम करू लागले होते, ठरलेल्या वेळेनंतरचे कामही वाढले होते आणि तरीही हातावेगळे होणारे काम जवळपास तेवढेच राहिले होते. तासागणिक उत्पादकता ८ ते १९ टक्क्यांनी घसरली. वाढलेला वेळ गेला कुठे? बैठकांत आणि एकमेकांशी ताळमेळ बसवण्यात. सलग, कोणी न अडवता काम करायला मिळणारा वेळ आक्रसला. घरात लहान मुले असलेल्यांचे तास सर्वांत जास्त वाढले आणि घसरणही त्यांचीच मोठी होती. शाळा बंद असलेला तो काळ होता, त्यामुळे हे आकडे आज जसेच्या तसे लावता येत नाहीत. पण त्यातून एक गोष्ट स्पष्ट होते : ‘मी घरून जास्त काम करतो’ हे कर्मचाऱ्याचे म्हणणे आणि ‘काम वाढलेले दिसत नाही’ हे वरिष्ठाचे म्हणणे एकाच वेळी खरे असू शकते. एक जण तास मोजतो आहे, दुसरा निष्पत्ती.

दुसरा अभ्यास चेन्नईतला. डेव्हिड ॲटकिन, अँटोनेट शोअर आणि सुमित शिंदे यांनी डेटा एन्ट्रीच्या कामासाठी माणसे घेतली आणि कोण घरून, कोण कार्यालयातून हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरवले. २०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार घरच्या गटाचा उरक १८ टक्क्यांनी कमी भरला. यातली दोन तृतीयांश तफावत पहिल्याच दिवशी दिसली. उरलेली हळूहळू पडत गेली, कारण कार्यालयातले लोक लवकर शिकत गेले.

याच अभ्यासातला पुढचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. संशोधकांनी प्रत्येकाला आधीच विचारून ठेवले होते की तुम्हाला कुठून काम आवडेल. ज्यांना घर हवे होते ते सुरुवातीच्या चाचणीत इतरांपेक्षा १२ टक्के सरस होते. म्हणजे घर मागणारा तो कामचुकार, हा समज इथे साफ खोटा ठरतो. पण याच लोकांना घरी बसवल्यावर त्यांचा उरक कार्यालयाच्या तुलनेत २७ टक्क्यांनी पडला, आणि ज्यांना कार्यालय हवे होते त्यांचा घरी फक्त १३ टक्क्यांनी. हे उलटे का? एक कारण असे की घर मागणाऱ्यांत लहान मुले असलेले, कोणाची तरी शुश्रूषा करावी लागणारे आणि गरीब घरांतले लोक होते. बाहेर पडणे त्यांना अवघड, म्हणून घर हवे. आणि ज्यामुळे बाहेर पडता येत नाही तेच घरी काम करू देत नाही.

शांघायने स्वतंत्र खोली असलेल्यांनाच घेतले आणि १३ टक्के वाढ पाहिली. चेन्नईने ज्याला जे घर आहे तिथे बसवले आणि १८ टक्के घट पाहिली. काम वेगळे, माणसे वेगळी, त्यामुळे दोन्हींची थेट तुलना करणे धाडसाचे होईल. तरी हा फरक नजरेआड करता येत नाही.

कार्यालयाची बाजू

कार्यालयात परत या म्हणणाऱ्यांचे सगळे मुद्दे हुकूमशाहीचे नसतात. त्यांच्या बाजूने दोन भक्कम पुरावे आहेत. मायक्रोसॉफ्टच्या अमेरिकेतल्या ६१ हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांच्या संपर्कांचा अभ्यास २०२२मध्ये प्रसिद्ध झाला. घरून काम सुरू झाल्यावर माणसे आपापल्या गटात जास्त बोलू लागली होती आणि इतर गटांशी असलेले संबंध विरळ झाले होते. याचा तोटा त्या महिन्याच्या कामात दिसत नाही, पण नव्या कल्पना अशा दूरच्या ओळखींतून येतात हे संघटनशास्त्रात जुने आहे.

दुसरा पुरावा नवोदितांचा. एमा हॅरिंग्टन, नतालिया इमॅन्युएल आणि अमांडा पॅलेस यांनी एका मोठ्या अमेरिकी कंपनीतल्या प्रोग्रामरांकडे पाहिले. सगळा गट एका इमारतीत बसत असे तेव्हा त्यांच्या कोडवर सहकाऱ्यांकडून येणाऱ्या सूचना लक्षणीयरीत्या जास्त होत्या, आणि त्याचा सर्वाधिक लाभ तरुण आणि नव्या माणसांना होत होता. त्याच वेळी शिकवणाऱ्या ज्येष्ठांचे स्वतःचे काम मात्र कमी होत होते. म्हणजे ज्येष्ठ घरी गेले की त्यांचा उरक वाढतो आणि त्याची किंमत नवखे मोजतात. कॅम्पसमधून घेतलेल्या शेकडो मुलामुलींची पहिली दोन वर्षे २०२०नंतर घरच्या खोलीत गेली. पुण्यातल्या कोणत्याही टीम लीडला विचारा, त्या तुकड्यांबद्दल तो हेच सांगेल.

मधली वाट

आठवड्यातले दोनतीन दिवस घरी आणि बाकीचे कार्यालयात या मिश्र पद्धतीवर सर्वांत विश्वासार्ह पुरावा पुन्हा त्याच चिनी कंपनीतून, आताच्या ट्रिप डॉट कॉममधून आला. ब्लूम, रुओबिंग हान आणि लियांग यांचा हा अभ्यास २०२४मध्ये ‘नेचर’मध्ये आला. अभियंते, विपणन, वित्त अशा विभागांतल्या १,६१२ जणांना सहा महिने विभागून पाहिले. आठवड्यातले दोन दिवस घरून काम करणाऱ्यांच्या मूल्यमापनात आणि बढतीत पुढच्या दोन वर्षांतही काही फरक पडला नाही आणि राजीनामे एक तृतीयांशाने कमी झाले. प्रयोगाआधी व्यवस्थापकांना वाटत होते की उत्पादकता सरासरी २.६ टक्क्यांनी घटेल. प्रयोगानंतर त्यांचेच मत १ टक्का वाढीचे झाले.

मिश्र पद्धतीच्या बाजूचा आणखी एक हिशेब प्रवासाचा आहे. सत्तावीस देशांच्या पाहणीत घरून काम केल्याने दिवसाला सरासरी ७२ मिनिटे वाचतात असे दिसले, भारतात ९९. वाचलेल्या वेळातला सुमारे ४० टक्के भाग लोक पुन्हा कामालाच देतात. टॉमटॉम कंपनीच्या २०२४च्या वाहतूक निर्देशांकात पुणे जगात चौथे मंद शहर ठरले : दहा किलोमीटरला ३३ मिनिटांच्या वर. वाकडच्या चौकात रोज अडकणाऱ्याला या आकड्याची गरज नाही.

भारतीय कंपन्यांचा प्रवास मात्र मागे वळला आहे. टीसीएसने २०२०मध्ये जाहीर केले होते की २०२५पर्यंत एका वेळी २५ टक्केच कर्मचारी कार्यालयात असतील. त्याच कंपनीने २०२३च्या अखेरीस पाचही दिवस कार्यालयात येण्यास सांगितले. इतरांनी महिन्यातले ठरावीक दिवस बंधनकारक केले. हे निर्णय पुराव्यावर घेतले की अन्य कारणांनी, हे बाहेरून सांगता येत नाही.

मोजमाप

२०२२च्या मायक्रोसॉफ्टच्या पाहणीत ८७ टक्के कर्मचारी म्हणाले की आपण उत्पादक आहोत. आपले लोक उत्पादक आहेत याची पूर्ण खात्री मात्र फक्त १२ टक्के वरिष्ठांना होती. ही दरी भरायला मग पाळत आली. टीम्सवरचा हिरवा ठिपका पाच मिनिटे हात हलला नाही की पिवळा होतो. कागदावर आराखडा काढत बसलेला, फोनवर ग्राहकाला समजावत असलेला किंवा नुसता विचार करत असलेला माणूस यंत्राच्या लेखी गैरहजर. त्याला उत्तर म्हणून माउस आपोआप हलवणारी साधने बाजारात आली आणि २०२४मध्ये अमेरिकेतल्या वेल्स फार्गो बँकेने कीबोर्ड चालू असल्याचा आभास केल्याबद्दल काही जणांना कामावरून काढले. विडी कामगाराचे काम विडीवर मोजले जाते. प्रोग्रामर, संपादक, लेखापाल यांच्या कामाला असे माप नाही, म्हणून हजेरीलाच माप करण्याचा मोह होतो. त्याने काम वाढते असे दाखवणारा पटण्याजोगा पुरावा माझ्या वाचनात नाही.

घर कोणाचे

केंद्राच्या वेळ-वापर पाहणीत २०२४ साली घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटे घालवतात असे आढळले, पुरुष ८८. २०१९मध्ये हे आकडे २९९ आणि ९७ होते. म्हणजे घरून कामाची एवढी मोठी लाट येऊन गेली, तरी वाटणी तिथल्या तिथेच आहे.

दोन खोल्यांच्या घरात दोघेही लॉगिन झाले की काय होते ते अनेक घरांनी पाहिले आहे. बेडरूमचे दार त्याच्या कॉलसाठी लागते आणि ती ओट्यालगतच्या जेवणाच्या टेबलावर बसते, कारण तिथून दूध, दारावरची बेल आणि सासऱ्यांची औषधे तिन्हीकडे लक्ष ठेवता येते. पगार दोघांचा सारखा असला तरी सलग वेळ सारखा मिळत नाही. त्यात ग्राहक न्यूयॉर्कचा असेल तर तिथले सकाळचे नऊ म्हणजे इथले उन्हाळ्यात साडेसहा, हिवाळ्यात साडेसात. नेमकी स्वयंपाकाची वेळ. आणि तरीही अनेक बायकांसाठी घरून काम हाच नोकरी टिकवण्याचा एकमेव मार्ग असतो. चेन्नईच्या आकड्यांत हीच कोंडी आहे. त्यांना कार्यालयात या म्हणणे म्हणजे कित्येकींना नोकरी सोडा म्हणणे.

घरी बसून काय करावे

सल्ले उदंड आहेत : पहाटे उठा, कपडे बदला, फोन दूर ठेवा. त्यातले थोडेच पुराव्याला धरून आहेत. संशोधक ग्लोरिया मार्क यांनी वर्षानुवर्षे लोकांचे पडद्यावरचे लक्ष मोजले. २००४मध्ये एका पडद्यावर सरासरी अडीच मिनिटे टिकणारे लक्ष अलीकडे ४७ सेकंदांवर आले आहे, आणि कामातले जवळजवळ निम्मे व्यत्यय आपण स्वतःच आणतो. त्यामुळे निरोपांच्या सूचना बंद ठेवून दिवसातले दोन तास राखणे हा सल्ला टिकतो. पण तो एकट्याने पाळता येत नाही. टीमने सकाळी अकरापर्यंत बैठक नाही असे ठरवले तरच ते तास मिळतात. भारतीय आयटी कंपनीच्या अभ्यासात बुडालेला वेळ बैठकांतच बुडाला होता. मिश्र पद्धतीत कार्यालयाचे दिवस सगळ्या टीमचे एकच असावेत, नाहीतर प्रवास करून जायचे आणि तिथे बसून पुन्हा व्हिडिओ कॉलच करायचा. नव्या माणसाला पहिले वर्षभर ज्येष्ठाच्या शेजारी बसता यावे. आणि घरात कामाची जागा कोणाला, कोणत्या वेळी, हे घरच्यांनी बसून ठरवावे. माझ्या मते व्यक्तीच्या शिस्तीवर जेवढा भर दिला जातो तेवढा पुरावा तिच्या बाजूने नाही. टीमचे नियम आणि घरातली वाटणी यांचे पारडे जड आहे.

जे सुटलेले नाही

घर हे कामाचे ठिकाण झाले तर त्याचा खर्च कोणाचा? वीज, इंटरनेट, खुर्ची आणि मुख्य म्हणजे खोली. कंपनीची जागेची बचत झाली, त्यातला वाटा कर्मचाऱ्याला मिळावा का, यावर आपल्याकडे चर्चाच झालेली नाही. कामाची वेळ कुठे संपते हेही ठरलेले नाही. फ्रान्समध्ये २०१७पासून आणि ऑस्ट्रेलियात २०२४पासून वेळेनंतर संपर्क नाकारण्याचा हक्क कायद्यात आहे. आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी २०१८मध्ये लोकसभेत यासाठी खासगी विधेयक मांडले होते, पण कायदा झालेला नाही. सर्जनशील कामावर दूर राहण्याचा दीर्घकाळात काय परिणाम होतो, याचे उत्तर द्यायला पाच-सहा वर्षे अपुरी आहेत. आणि महाराष्ट्रातल्या कामकरी घरांबद्दल, म्हणजे पुणे-मुंबईच्या लहान फ्लॅटबद्दल आणि नाशिक, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगरला परतून तिथून काम करणाऱ्यांबद्दल, चेन्नईच्या तोडीचा एखादा प्रयोग व्हायला हवा.

त्यासाठी लागणारी माहिती इथल्या कंपन्यांच्या सर्व्हरवर आहे : कोण कुठून बसले, किती बैठका झाल्या, काम कधी पूर्ण झाले, कोणी नोकरी सोडली. ती नावे काढून गोखले अर्थशास्त्र संस्था, टाटा समाजविज्ञान संस्था किंवा आयआयटी मुंबई इथल्या संशोधकांच्या हाती द्यावी. कार्यालयात परत बोलावणारे पुढचे परिपत्रक काढण्याआधी कंपन्यांनी एवढे करावे, ही मागणी कर्मचारी संघटनांनी आणि भागधारकांनीही लावून धरायला हवी.